दहा सह्या आणि नकाशावरची एक रेघ

मतदान गुप्त असते, हे आपण शाळेच्या नागरिकशास्त्रात शिकलो. निवडणूक लढवण्यासाठी लागणारी सही मात्र गुप्त नसते, हे त्या पुस्तकात नव्हते. वाराणसीत राहून संशोधन करताना मला ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची वाटू लागली आहे. मतदारसंघांच्या पुनर्रचनेची चर्चा देशभर चालू आहे, पण ती सगळी कोणत्या राज्याच्या किती जागा वाढणार आणि किती घटणार याभोवती फिरते. उमेदवारी अर्जावर सही कोण करू शकतो, हे नकाशावरची रेघ कसे ठरवते, याबद्दल कोणी बोलत नाही.

आधी नियम पाहू. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 33 नुसार मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला, किंवा नोंदणी आहे पण मान्यता नाही अशा पक्षाच्या उमेदवाराला दहा सूचक लागतात. हे दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. गंमत अशी, की लोकसभेच्या उमेदवाराला ही अट नाही. तो देशातल्या कोणत्याही मतदारसंघाचा मतदार असला तरी चालतो. वडोदऱ्यातून, दिल्लीतून, कुठूनही येऊन वाराणसीत उभे राहता येते. सही करणारा मात्र इथलाच हवा.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अपक्षाला लागणाऱ्या सह्या मतदारांच्या किंवा मागच्या मतदानाच्या टक्केवारीने मोजतात. तिथे मतदारसंघाच्या सीमा बदलल्या की सह्यांचा आकडाही बदलतो. आपल्याकडे आकडा ठरलेला आहे. मतदारसंघ पाच लाखांचा असो की वीस लाखांचा, सह्या दहाच. त्यामुळे पुनर्रचनेचा या अटीशी काही संबंध नाही असे वाटते. पण आकडा तोच राहिला तरी ते दहा जण कोणत्या वस्तीतून येऊ शकतात हे बदलते, आणि जातीचा प्रश्न इथेच सुरू होतो.

वाराणसी जिल्ह्यात विधानसभेचे आठ मतदारसंघ आहेत. त्यांपैकी वाराणसी उत्तर, दक्षिण, कँट, रोहनिया आणि सेवापुरी हे पाच वाराणसी लोकसभेत येतात. पिंडरा मछलीशहर लोकसभेला जोडलेला आहे, तर शिवपूर आणि अजगरा चंदौलीला. या आठांत अनुसूचित जातींसाठी राखीव असा एकच मतदारसंघ आहे, अजगरा. तो 2008 च्या पुनर्रचनेतून तयार झाला. म्हणजे जिल्ह्यातला एकमेव राखीव विधानसभा मतदारसंघ वाराणसीच्या लोकसभेबाहेर आहे. अजगऱ्यातला माणूस शहरात कामाला येतो, त्याचा जिल्हाधिकारी वाराणसीचा, कचेरी वाराणसीची. पण वाराणसीतून एखादा आंबेडकरवादी कार्यकर्ता लोकसभेला उभा राहिला, तर त्याच्या अर्जावर या माणसाची सही चालत नाही. ज्या गावांत चळवळीचे लोक आहेत, ओळख आहे, विश्वास आहे, ती गावे रेघेच्या पलीकडे राहतात.

यावर लगेच उत्तर येते: सुमारे वीस लाख मतदारांत दहा माणसे मिळत नाहीत, तर निवडणूक लढवावीच कशाला? प्रश्न चुकीचा नाही. दहा अट म्हणून लहानच आहे. पण ती प्रत्यक्षात कशी पुरी करावी लागते ते पाहा.

अधिसूचना निघाल्यावर अर्ज भरायला सात दिवस मिळतात. प्रत्येक सूचकाचा मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहावा लागतो. पुनर्रचनेनंतर याद्या नव्याने लागतात आणि हे क्रमांक बदलतात. ज्याला सही करता येत नाही, त्याला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा अधिकृत अधिकाऱ्यासमोर जाऊन अंगठा उठवावा लागतो. म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. अर्ज दाखल झाला की उमेदवाराबरोबर सूचकांचा तपशीलही कार्यालयातल्या ठळक जागी फलकावर लागतो, कलम 35 तसेच सांगते. मुदत संपल्यावर सूचक बदलता येत नाही. दहांपैकी एक जरी त्या मतदारसंघाचा मतदार नाही असे छाननीत निघाले, तरी तो अर्ज गेला.

आता हा फलक बनारसच्या विणकराच्या नजरेने पाहा. त्याच्यावर गद्दीदाराची उचल आहे. किंवा शेतमजुराच्या नजरेने पाहा, ज्याची पुढच्या हंगामाची मजुरी एकाच घरावर अवलंबून आहे. मत कोणाला दिले हे तो लपवू शकतो, सही लपवू शकत नाही. एका वस्तीत मी या नियमाबद्दल विचारले तेव्हा एका वयस्कर बाईंनी मला सुनावले, “वोट तो पेटी में जाता है बेटा, नाम तो दीवार पर जाएगा.” पुस्तकांत मी इतका नेमका खुलासा वाचलेला नाही.

मोठ्या पक्षांसाठी हाच सूचक शोभेची वस्तू होतो. एका उमेदवाराला जास्तीत जास्त चार अर्ज भरता येतात. 2024 मध्ये पंतप्रधानांनी वाराणसीतून अर्ज भरला तेव्हा त्यांच्या चार सूचकांची जात बातम्यांत मोजून सांगितली गेली: एक ब्राह्मण, दोन ओबीसी, एक दलित. कायद्याला त्यातली एकच सही पुरली असती. बाकीच्या सह्या कॅमेऱ्यासाठी होत्या. अपक्षाला मात्र सावधगिरी म्हणून चारही अर्जांवर वेगळे सूचक ठेवायचे तर चाळीस माणसे उभी करावी लागतात. एकाच कायद्यात दलिताची सही एकाला सजावट आणि दुसऱ्याला अडथळा होते.

एकच सूचक असणेही नेहमी सुरक्षित नसते. 2024 मध्ये सुरतेत काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनी अर्जांवरच्या सह्या आपल्या नाहीत असे सांगितले आणि अर्ज बाद झाले. इतरांनी माघार घेतली. 22 एप्रिलला भाजपचा उमेदवार बिनविरोध निवडून आला. राष्ट्रीय पक्षाची ही गत, तर दहा सह्या गोळा करणाऱ्याचे काय होईल याचा अंदाज करता येतो.

दहा सूचकांची अट 1996 नंतरची आहे. त्या वर्षी लोकसभेला 13,952 उमेदवार उभे होते. नलगोंड्यात 480, आणि आपल्या सीमाभागातल्या बेळगावात 456. बेळगावातली गर्दी हौशी नव्हती. महाराष्ट्र एकीकरण समितीने सीमाप्रश्नाकडे दिल्लीचे लक्ष वेधण्यासाठी ती उभी केली होती. सरकारने अनामत रक्कम वाढवली, सूचक दहा केले. 1998 मध्ये उमेदवार 4,750 वर आले. वाराणसीत 2014 मध्ये 42 उमेदवार होते, 2019 मध्ये 26, 2024 मध्ये 7. या घटीमागे कारणे अनेक आहेत, सगळी सूचकांवर ढकलता येणार नाहीत. पण दार अरुंद होत गेले हे दिसते.

रेघ दार उघडूही शकते. नगीना हा राखीव लोकसभा मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेतून आला. 2024 मध्ये तिथून आझाद समाज पार्टी (कांशीराम)चे चंद्रशेखर आझाद जिंकले. मान्यता नसलेला पक्ष, म्हणजे दहा सूचक. तिथे ते मिळाले, कारण रेघेच्या आत आपले लोक पुरेशा संख्येने आणि पुरेशा धिटाईने होते.

आणि ही रेघ ओढतो कोण? परिसीमन आयोगाला साहाय्य करणारे सहयोगी सदस्य म्हणजे त्या राज्यातले खासदार आणि आमदार, अर्थात जे आधीच आत आहेत ते. एकदा आदेश निघाला की अनुच्छेद 329 न्यायालयाचे दार जवळपास बंद करतो. उघड मनमानी झाली असेल तर घटनात्मक न्यायालये तपासू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये म्हटले, एवढीच फट. अर्ज बाद झाला तरी हाच अनुच्छेद आडवा येतो. 1952 च्या पोन्नुस्वामी निकालापासून नियम असा, की तक्रार निवडणूक संपल्यावर याचिकेतूनच करायची.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. सूचकांची संख्या सर्वांना सारखी करा. सूचक जिल्ह्यातला किंवा मतदारसंघातला, कोणताही मतदार चालू द्या. अंगठा उठवण्याची सोय गावात द्या. सूचकात दोष निघाला तर छाननीपूर्वी तो बदलण्यासाठी एक दिवस द्या. फलकावर सूचकांची नावे लावण्याची गरज काय, याचा फेरविचार करा. यातल्या एकाही मागणीसाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

पुढची पुनर्रचना 2026 नंतरच्या जनगणनेवर करायची, असे 84 व्या घटनादुरुस्तीने ठरवले आहे. त्या वेळी आयोग आधी प्रस्ताव प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर बैठका घेतो. राजपत्रातली ती भाषा आपल्या घरात वाचता येणारी पहिली पिढी आपणच आहोत. तेव्हा तो मसुदा हातात घ्या, आपल्या वस्तीचा भाग क्रमांक शोधा, ती कोणत्या बाजूला गेली ते पाहा आणि मुदतीत लेखी हरकत द्या. त्या हरकतीखालीही सह्या लागतील. तिथे पहिली सही आपली असू द्या, म्हणजे आपल्या आईवडिलांवर ती एकट्याने करण्याची वेळ येणार नाही.