पाण्याला वास येतोय का?

विहिरीचे पाणी घरात आले की आमच्या दादी ते आधी ओंजळीत घेत. रंग पाहत, वास घेत, मग घोटभर चाखत. वुजूचे पाणी ओळखायला आपण सगळेच मकतबमध्ये याच तीन गोष्टी शिकलो. सवय चांगलीच आहे. पण जमिनीखाली पेट्रोल-डिझेलच्या टाक्या असलेल्या आजच्या वस्तीत एवढ्यावर भागते का?

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या हवाई राज्यात, ओआहू बेटावर, नौदलाच्या वसाहतीतल्या घरांमध्ये नळाच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला. कुणाचे डोके दुखू लागले, कुणाला मळमळ, मुलांच्या अंगावर पुरळ. सुरुवातीला पाणी सुरक्षित असल्याचे सांगण्यात आले. पण लोकांनी तक्रारी थांबवल्या नाहीत. तपासणीत पाण्यात इंधन सापडलेच. त्या नळयोजनेवर सुमारे ९३ हजार लोक अवलंबून होते. हजारो कुटुंबांना हॉटेलांत हलवावे लागले.

इंधन आले होते रेड हिल नावाच्या टेकडीतून. तिच्या पोटात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात २० टाक्या बांधल्या होत्या. एकेका टाकीत पावणेपाच कोटी लिटरच्या आसपास इंधन मावे, आणि पिण्याच्या पाण्याचा साठा त्यांच्या तळापासून अवघा शंभर फूट खाली! मे महिन्यात पाइप फुटून सांडलेले बरेचसे विमानाचे इंधन आग विझवण्याच्या यंत्रणेच्या नळीत जाऊन बसले. इंधनाच्या हिशेबात तूट होती, तिचा छडा वेळीच लागला नाही. नोव्हेंबरमध्ये त्या नळीला गाडीची धडक बसली आणि अडकलेले इंधन बाहेर पडले. अखेर मार्च २०२२ मध्ये हा साठाच बंद करण्याचा निर्णय झाला.

एवढ्या दूरची हकीकत सांगण्याचे कारण आहे. हवाई बेटे ज्वालामुखीच्या लाव्हारसाची. आपल्या महाराष्ट्राचा मोठा भागही तशाच काळ्या पाषाणाचा. अशा खडकात पाणी भेगांमधून वाट काढते. त्यामुळे पंपाजवळची विहीर चांगली राहते आणि लांबची बिघडते, असेही घडू शकते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली नव्या पेट्रोल पंपांसाठी शाळा, दवाखाने आणि वस्तीपासून साधारणपणे ५० मीटर अंतराची अट घातली आहे. पण कितीतरी जुने पंप भर वस्तीत आहेत.

मग गळती शोधतात कशी? पहिली पायरी वहीतली. टाकीत किती आले, किती विकले, मोजपट्टी किती दाखवते. रोज थोडी थोडी तूट येत असेल तर टाकी आणि पाइप दाबाखाली तपासतात. नंतर जमिनीला भोके पाडून वेगवेगळ्या खोलीची माती काढतात आणि तिच्यातून निघणारी वाफ यंत्राने मोजतात. शेवटी निरीक्षणासाठी किमान तीन बोअर घेतात. तिन्हींतल्या पाण्याची पातळी ताडून पाहिली की भूजल कोणत्या दिशेने चालले आहे ते कळते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, ते वर तरंगते. पावसाळ्यात भूजल चढते, उन्हाळ्यात उतरते, आणि त्याबरोबर पेट्रोलही मातीला माखत जाते. म्हणून एकदाच तपासून भागत नाही.

पेट्रोलमधले बेंझिन रक्ताचा कर्करोग घडवू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची पाण्यातली मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. इतके कमी बेंझिन नाकाला मुळीच कळत नाही. म्हणजे वास आला तर पाणी नक्कीच बिघडले समजावे, पण वास नाही म्हणून ते शुद्ध आहे असे समजू नये.

शंका आली तर काय करावे? ते पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला आणि अंघोळीला वापरू नका. उकळू नका, उकळल्याने बेंझिनची वाफ स्वयंपाकघरात पसरते. विहिरीत कुणी उतरू नये, काडी पेटवून पाहू नये. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वास कधीपासून येतो, पावसानंतर वाढतो का, शेजारी कुणाकडे येतो, हे तारखेनिशी लिहून ठेवा. तपासणीत बेंझिन, टोल्युइन, झायलीन यांची नावे घेऊन मागणी करा; क्षार आणि जंतूंच्या नेहमीच्या तपासणीत ती दिसत नाहीत. नमुना काचेच्या बाटलीत, हवेचा बुडबुडाही न राहील असा काठोकाठ भरून, बर्फात ठेवून न्यावा लागतो. तो प्रयोगशाळेच्या माणसाकडूनच घेतलेला बरा.

पंपवाला आपल्या ओळखीतला, कदाचित मोहल्ल्यातलाच असतो. नुसत्या संशयावरून त्याच्यावर आरोप करणे योग्य नाही. पण त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसणे तर त्याहून अयोग्य. तपासणी झाली तर खरे काय ते त्यालाही कळेल आणि आपल्यालाही. विहीर तुमची असली तरी तिच्याखालचे पाणी शेजाऱ्याच्या अंगणाखालूनही वाहत असते. तुम्ही केलेला एक अर्ज त्याच्या मुलाबाळांच्याही कामी येईल.