कारागिराचें चित्र

अमरकोशाच्या शूद्रवर्गांत तक्षा, कुलाल, तंतुवाय अशीं कारागिरांचीं नांवें आहेत. आमच्या घरांतून मुलांनीं तीं पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत केलीं. परंतु सुतारापुढें घटकाभर बसून त्याचा हात कसा चालतो हें कागदावर उतरवावें, असें फारसें कोणास सुचलें नाहीं. तें ज्या परकी गृहस्थास सुचलें, त्याची ओळख वाचकांस करून देण्याचें आम्ही योजिलें आहे.

जॉन लॉकवुड किपलिंग हे १८६५ सालीं मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत शिक्षक म्हणून आले. प्रसिद्ध लेखक रुड्यार्ड किपलिंग हे त्यांचे पुत्र; त्यांचा जन्म त्याच वर्षीं मुंबईस झाला. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ सालीं पुरी झाली. तिच्या दर्शनी भागावरील शेतकऱ्यांचीं उठावचित्रें लॉकवुड यांचीं. इमारतीच्या मानाच्या जागीं त्यांनीं कष्टकरी माणूस बसविला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

पुढें १८७० सालीं सरकारनें त्यांस उत्तर हिंदुस्थानांत कारागिरांचीं चित्रें काढण्यास पाठविलें. त्यांपैकीं सिमल्याचा लाकूड कोरणारा आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत आहे. गडी जमिनीवर बसून कामांत गढला आहे. चित्राखालीं धंदा आहे, गांव आहे, साल आहे. नाहीं तें एवढेंच, त्या माणसाचें नांव. चित्रकाराचें नांव राहिलें, कारागिराचें गेलें.

आतां आपल्या पिंपरी-चिंचवडाकडे वळूं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. पुढें कारखान्यांची रांग चाकणपर्यंत गेली. मोटारीचे पत्रे जोडण्याचें पुष्कळसें काम तेथें आतां यंत्रबाहु करितात. लेथवर बसलेला टर्नर, कानस चालविणारा फिटर, यांच्या हातचें कसब उद्यां राहीलच असें नाहीं. छायाचित्र पळांत निघतें खरें, पण चित्र काढणारास तासभर पाहावें लागतें; आणि पाहिल्यावांचून आदर उपजत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी: ज्या मुलांस चित्रकलेची आवड आहे, त्यांस सुटीच्या दिवशीं वही-पेन्सिल देऊन भोसरीच्या एखाद्या लहान शेडमध्यें न्यावें. मालकाची व कामगाराची परवानगी आधीं घ्यावी. चित्र साधो वा न साधो. त्याखालीं कामगाराचें नांव, त्याची अनुमति घेऊन, सुवाच्य अक्षरांत लिहावें. किपलिंग यांच्या चित्रांत जें राहिलें, तें आपल्या मुलांनीं पुरें करावें.