जिल्हई कोठें थांबवावी

नुकताच रंगविलेला पृष्ठभाग पुन्हां घासावयाचा, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. मोटारीचें दार किंवा बॉनेट रंगवून वाळलें कीं कारागीर पाण्यांत भिजविलेला कागद घेऊन बसतो. घटकाभरांत तो चकचकीत भाग राखेसारखा निस्तेज होतो, आणि गाडीचे मालक मनांतल्या मनांत हळहळतात. परंतु पुढें जी आरशासारखी चमक येते ती या निस्तेजपणांतूनच येते. चमक वरून चढवितां येत नाहीं. उंचसखलपणा गेला म्हणजे ती आपोआप दिसूं लागते.

सांगली-मिरजेकडे ही विद्या जुनी आहे. मिरजेच्या सतारी व तंबोरे सर्वत्र प्रसिद्ध आहेत. २०२४ सालीं त्यांस भौगोलिक मानांकनहि मिळालें. एकोणिसाव्या शतकांत हा धंदा तेथें रुजविण्याचें श्रेय फरीदसाहेब सतारमेकर यांस देतात. हें घराणें मूळचें शिकलगारांचें, म्हणजे शस्त्रांस धार व जिल्हई देणारांचें. तरवारींचा काळ सरला, तेव्हां पोलादावर मुरलेला हात भोपळ्यावर आणि लांकडावर वळला. पोलाद असो, लांकूड असो, कीं मोटारीचा रंग असो, घासण्याचा नियम एकच : प्रत्येक फेरींत आधींचा ओरखडा त्याहून बारीक ओरखड्यानें पुसावयाचा, आणि डोळ्यांस ओरखडा दिसेनासा झाला कीं हात आवरावयाचा.

मोटारीचा रंग फवाऱ्यानें देतात. त्याचे थेंब एकमेकांत पूर्णपणें मिसळण्यापूर्वींच आळतात. त्यामुळें पृष्ठभागावर नारिंगाच्या सालीसारखे खळगे राहतात, आणि मध्येंमध्यें धुळीचे कण चिकटतात. अशा पृष्ठभागावरून प्रकाश चोहोंकडे विखुरतो. म्हणून प्रथम १५०० नंबरचा वॉटर पेपर, मग २०००, मग ३००० असा क्रम धरतात. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. कागद रबराच्या सपाट ठोकळ्यावर गुंडाळावा लागतो, कारण नुसत्या बोटांनीं घासल्यास बोटांच्या खुणांचे चर पडतात. पाणी कागद मोकळा ठेवतें आणि घासून निघालेला रंग वाहून नेतें. अधूनमधून जागा पुसून पाहावी : सर्वत्र सारखी निस्तेज दिसली तर घासणें पुरें झालें, चकाकणारे ठिपके उरले असतील तर तेथें अजून खळगे आहेत. शेवटीं रबिंग कंपाउंड लावून यंत्रानें बफिंग करतात.

पाण्याचा दुसरा उपयोग याहून मोलाचा आहे. १९२१ सालीं अमेरिकेतील थ्रीएम कंपनीनें, फ्रान्सिस ओकी या शाईच्या व्यावसायिकाच्या शोधावरून, पाण्यांत टिकणारा घासकागद बाजारांत आणला. तोंवर मोटारींच्या कारखान्यांत कोरडें घासलें कीं रंगांतलें शिसें धुळीबरोबर उडे व कामगारांच्या फुफ्फुसांत जाई. ओल्या घासण्यानें ती धूळ दबली. परंतु आजच्या दोन भागांच्या रंगांत जें हार्डनर मिसळतात त्यांत आयसोसायनेट असतात, आणि फवारतांना ते श्वासांत गेल्यास दम्यासारखा विकार जडतो. येथें पाणी कामास येत नाहीं. तोंडावर बांधलेला रुमालहि निरुपयोगी; त्यास योग्य श्वसनयंत्रच हवें.

आतां मुख्य मुद्दा. आजच्या मोटारीवर रंगाच्या थरावर एक पारदर्शक थर असतो. त्यास क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी बहुधा ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीहूनहि कमी. उन्हांतील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचें रक्षण हाच थर करतो. घासण्याच्या प्रत्येक फेरींत त्यांतले कांहीं मायक्रॉन जातात, ते परत येत नाहींत. कडांवर तर थर आधींच पातळ असतो. म्हणून जाणता कारागीर तेथें चिकटपट्टी लावून ठेवतो. एखादा खोल खळगा काढण्याच्या हट्टानें थर फार पातळ केला तर गाडी त्या दिवशीं अप्रतिम दिसते, पण पुढें कांहीं उन्हाळ्यांत रंग फिकटतो व वरचा थर पापुद्र्यासारखा सुटूं लागतो. असा खळगा तसाच राहूं देणें हेंच शहाणपण. अति तेथें माती, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते.

दसऱ्याच्या पूजेस गाडी नवी दिसावी, या हौसेनें आपण कारागिरास घाई करतों. पूर्ण न वाळलेला रंग घासला तर पुढें तो आकसतो आणि आणलेली चमक मावळते. म्हणून घरांतील वडील मंडळींनीं काम देतांनाच तीन गोष्टी विचाराव्यात : घासणें धरून क्लिअर कोटाचा एक हात जास्त देणार काय, घासण्यापूर्वीं रंग किती दिवस वाळूं देणार, आणि फवारा मारणाऱ्या मुलाच्या तोंडावर काय असतें. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं चार पैसे अधिक पडले तरी ते आनंदानें द्यावे. ती चमक आपल्या दारांत उभी राहणार आहे. तिची किंमत त्या मुलाच्या श्वासानें चुकती होऊं नये.