लोण्याचे झाड

गेल्या दिवाळी अंकात याच सदरात लिंबावरच्या खैऱ्या रोगाविषयी लिहिताना ओघात एक वाक्य माझ्या हातून लिहिले गेले होते, की आमच्या अंगणात ॲव्होकॅडोचे एक झाड आहे आणि त्याच्यापायी आमच्या घरात दोन तट पडले आहेत. रोगाबद्दल कुणी अवाक्षर विचारले नाही. पत्रे आली ती त्या वाक्यावर. नाशिकच्या एका गृहस्थांना हे झाड आपल्याकडे लागते का ते हवे होते. ठाण्याच्या एका भगिनींना झाडाशी काही कर्तव्य नव्हते, त्यांना ते दोन तट कोणते एवढेच जाणून घ्यायचे होते. दोघांचेही समाधान आज करतो.

आम्ही नालवाडीचे. तिऱ्हाइताला वर्धा कुठे संपते आणि नालवाडी कुठे सुरू होते ते आता कळायचे नाही, पण आम्हांला कळते. १९३२ साली विनोबा इथे येऊन राहिले आणि १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत त्यांचे बिऱ्हाड इथेच होते. सूतकताईच्या मजुरीत माणसाचे पोट भरते की नाही, हा प्रयोग त्यांनी याच गावात स्वतःवर करून पाहिला. अशा गावात दीडशे रुपयांना एक, अशा फळाची बी मी मातीत पुरली, हे आधीच कबूल केलेले बरे.

ते फळ आणले होते नातीने, २०१४ च्या दिवाळीत, पुण्याहून. दिसायला हिरवे, खरबरीत, चिंबलेल्या वांग्यासारखे. आत पिवळसर गर आणि मध्ये लाडवाएवढी बी. दक्षिणेत त्याला 'बटर फ्रूट' म्हणतात, म्हणून आमच्या घरी ते 'लोण्याचे फळ' झाले. आमच्या सौभाग्यवतींनी एक फोड चाखली आणि "साबणाला मीठ लावावं तसं लागतंय" असा निकाल देऊन वाटी माझ्यापुढे सरकवली. नातीने मात्र बीला तीन काड्या टोचून ती पाण्याच्या पेल्यावर अधांतरी बसवली, खालचा भाग तेवढा पाण्यात. "आजोबा, पाणी बदलत जा," अशी ताकीद देऊन ती पुण्याला गेली. आमच्याकडची थंडी म्हणजे थंडी. महिना झाला तरी हालचाल नाही. संक्रांतीच्या सुमारास बी उभी फाटली, खालून पांढरे मूळ आले आणि मग हां हां म्हणता वीतभर कोंब. ही बी साठवून ठेवता येत नाही, सुकली की मेली, एवढे नवख्याने लक्षात ठेवावे.

पहिले झाड मी मारले. दुसरा शब्द नाही. जूनचा पाऊस पडताच विहिरीजवळच्या सांदवाडीत, आमच्या त्या प्रसिद्ध काळ्या जमिनीत, खड्डा खणून रोप लावले. कापसाला ही माती आईसारखी; पण पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की मनगटापर्यंत हात जावा. ऑगस्टमध्ये पाने मलूल होऊन लोंबू लागली. मला वाटले पाणी कमी पडले, म्हणून भर पावसाळ्यात मी वर आणखी दोन बादल्या घातल्या! आमच्या माळ्याने रोप हलवून पाहिले, तर ते सहज हातात आले. मुळे काळी, कुजलेली. "गुरुजी, याले पाय ओले चालत नाही जी," एवढेच तो म्हणाला. चाळीस वर्षे मुलांना विज्ञान शिकवलेल्या माणसाला ते आधी सुचायला हवे होते.

या झाडाची अन्न घेणारी मुळे जमिनीच्या वरच्या हातभर थरातच पसरतात आणि त्यांना श्वास लागतो. पाणी साचले की फायटोफ्थोरा नावाची बुरशीसारखी व्याधी त्यांना खाते. आमच्या संत्र्यांवर डिंक्या आणते ती हिचीच भावंडे. जगात आज सर्वांत जास्त खपणारी 'हास' ही जात ज्या एका झाडापासून निघाली, ते कॅलिफोर्नियातले मूळ झाडही अखेर मूळकुजीनेच गेले आणि २००२ साली तोडावे लागले. त्याची हकीकत मोठी गमतीची. रुडॉल्फ हास नावाच्या एका पोस्टमनने ते बीपासून वाढवले. त्यावर चांगल्या जातीचे कलम बांधायचा त्याचा बेत होता, पण कलम काही जुळेना. झाड तोडून टाकायच्या गोष्टी चालल्या होत्या. तेवढ्यात त्याच्या मुलांनी त्याची फळे चाखली आणि हीच चांगली म्हणून हट्ट धरला, असे सांगतात. १९३५ मध्ये त्याने जातीचे पेटंट घेतले. आज जगभर त्या एका झाडाची कलमे आहेत. हास मात्र पत्रे वाटतच राहिला. सौ.ला ही गोष्ट मी दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "मुलांचं ऐकलं त्यानं."

या बोलण्याचा रोख कळायला मला पुढे पुष्कळ वर्षे लागली.

दुसरे रोप २०१६ साली लावले. या वेळी खड्डा नाही, उंचवटा. दोन ट्रॉल्या मुरूम आणून त्यात शेणखत आणि पालापाचोळा मिसळून गुडघ्याच्या वर ढीग केला आणि त्याच्या माथ्यावर रोप बसवले. जागाही बदलली: पूर्वेचे कोवळे ऊन यावे आणि दुपारनंतर घराची सावली पडावी अशी. पण आमचा मे महिना सावलीला जुमानतो थोडाच! हे झाड मेक्सिको-ग्वाटेमालाकडचे. चाळिशीच्या पलीकडे पारा गेला की पाने करपतात, साल भाजते. २०१९ च्या मे महिन्यात ४६ अंशांच्या दिवसांत शेंडा पार जळाला. तेव्हापासून मार्च लागला की खोडाला चुन्याचा हात, पश्चिमेला हिरवी जाळी आणि बुडाशी सोयाबीनच्या कुटाराचा वीतभर थर.

कुटारावरून आठवले. परदेशी झाड लावले म्हणून मला हसणारे शेजारी स्वतः सोयाबीन पेरतात. १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन खाण्याचे प्रयोग केले आणि 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिले, तेव्हा ते इथे नवलाचे होते. आज पावसाळ्यात जिल्ह्यात कुठेही जा, सोयाबीनच सोयाबीन. पपई, पेरू, सीताफळ, मिरची ही सगळी अमेरिकेकडूनच आलेली. यांना कोण परके म्हणतो?

एक सावधगिरी मात्र हवी. या झाडाची पाने शेळ्या-गुरांना आणि पाखरांना विषारी असतात. शेळी म्हटली की वर्ध्यात आदरानेच बोलावे लागते, त्यामुळे मी भोवती काट्यांचे कुंपण घातले. लोकांना वाटे झाड जपायला आहे. होते ते शेळ्या जपायला.

आता त्या दोन तटांकडे येतो.

आमचे चिरंजीव पुण्याला असतात. मी निवृत्त झाल्यापासून दर दिवाळीला त्यांचे एकच म्हणणे: घराला कुलूप लावा, नाहीतर विका, पण दोघेही आमच्याकडे या. माझे मन नाही. हे घर, ही विहीर, सकाळचे सेवाग्रामच्या रस्त्याने फिरणे, हे सोडून चौथ्या मजल्यावर जाऊन बसायचे? पण मुलाला तोंडावर नाही म्हणवत नाही. मग मी झाडाला पुढे केले. "अरे, लोण्याचं झाड फळू दे, मग येतो." पहिल्या वर्षी सगळे हसले. बीपासूनचे झाड फळायला सात वर्षे घेते, दहाही घेते आणि कधी त्याहूनही जास्त, हे मला ठाऊक होते, इतरांना नव्हते. इतकी टिकाऊ सबब मला दुसरी मिळाली नसती.

२०२४ च्या फेब्रुवारीत झाडाला मोहोर आला. आंब्यासारखाच, पण हिरवट पिवळा. मी पेढे वाटले. महिनाभरात सगळा मोहोर गळून पडला, एक फळ धरले नाही. पुस्तके काढून वाचू लागलो तेव्हा समजले, की या फुलाचे चरित्रच विचित्र आहे. एकच फूल दोनदा उमलते: पहिल्यांदा स्त्री म्हणून, मग मिटते, आणि दुसऱ्या दिवशी पुरुष म्हणून. काही झाडे सकाळी स्त्री असतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुष. काहींचे नेमके उलट. दोन्ही प्रकारची झाडे जवळ असली की मधमाश्यांचे काम सोपे. एकटे झाडही हवेच्या लहरीने कधी फळ धरते, पण तो नशिबाचा भाग. आणि नशीब चांगले असले तरी शेकड्यात एक फूलही टिकत नाही.

त्या रात्री जेवताना मी जाहीर केले, की कोडगूकडून एक कलम मागवायचे. कॉफीच्या बागांत तिकडे ही झाडे पुष्कळ. चेट्टळ्ळीच्या संशोधन केंद्राने 'अर्का सुप्रीम' नावाची जातही काढली आहे. कलम तीन-चार वर्षांत फळते. "म्हणजे फार तर चार वर्षांचा प्रश्न," मी म्हणालो.

सौ.ने भाकरी मोडता मोडता ताट बाजूला सारले. "अहो, तुमचं झाड फळेल तेव्हा फळेल. माझे गुडघे तोवर थांबणार आहेत का? दहा वर्षं तुम्ही मुलाला झाडाचं कारण सांगता. मला एकदा तरी विचारलंत, तुला जायचंय का म्हणून?"

मी गप्प. नात दहावीला गेली होती. पेल्यात बी ठेवली तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. या दहा वर्षांत सौ.ने तिला पाहिले ते दिवाळीचे आठ दिवस आणि मे महिन्यातले पंधरा. आणि उन्हाळ्यात मी दुपारी घोरत असताना मडक्यातून झाडाला पाणी घालत होती तीच. ज्या झाडाने तिची वाट अडवली होती त्याला.

"जायचंय का तुला?" मी विचारले. दहा वर्षांनी.

"राहायला नाही," ती म्हणाली. "पण जाऊन चार महिने राहायचंय. पाहुणी म्हणून नाही. घरातली म्हणून."

कलम मागवले नाही. मुलाला मी पत्र लिहिले. फोनवर बोलता आले असते, पण काही गोष्टी आमच्या पिढीला कागदावरच जमतात. झाडाची सबब खोटी होती हे त्यात लिहिले. त्याचे उत्तर एका ओळीचे होते: "बाबा, आम्हांला पहिल्या वर्षीच कळलं होतं." ती दिवाळी आणि पुढचे चार महिने आम्ही पुण्यात काढले. झाड माळ्याच्या स्वाधीन.

२०२५ च्या मार्चमध्ये परत आलो तर मोहोर येऊन गेलेला, आणि फांदीला हरभऱ्याएवढी तीन फळे. दोन मेच्या उन्हात गळली. तिसरे राहिले. हे फळ झाडावर पिकत नाही. कितीही वाट पाहा, तोडल्यावरच ते मऊ पडते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सौ.ने ते तोडून तांदळाच्या डब्यात घातले, आणि नवव्या दिवशी अंगठ्याने दाबून "झालं" म्हणाली. मीठ, लिंबू, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून कालवले. मी विचारले, "कसं लागतंय?"

"साबण नाही," ती म्हणाली. "पण सीताफळाची सर नाही."

नाशिकच्या गृहस्थांसाठी: तुमच्याकडे आमच्याइतके ऊन नाही, जमीन निचऱ्याची असेल तर अवश्य लावा, पण बी नको, कलम लावा, आणि जमल्यास दोन. पाणी बेताने.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आम्ही पुण्यात असू. महाराष्ट्र एक्सप्रेसची तिकिटे काढून झाली आहेत. परवा बांधाबांध करताना तिच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेले काहीतरी हाताला लागले. मी उलगडून पाहणार एवढ्यात तिने ते काढून घेतले आणि म्हणाली, "राहू द्या. वाळली की मेली."