संगणकासाठी भरवशाच्या कार्यप्रणालीची निवड

सातारा व सांगली जिल्ह्यांतील बागायतदारांच्या घरी आणि विकास सेवा सोसायट्यांच्या कार्यालयांत संगणक ही आता नित्य वापराची वस्तू झाली आहे. सात-बाराचा उतारा, निर्यातीच्या द्राक्षबागेची नोंदणी, पीक विम्याचा अर्ज ही कामे त्यावरच होतात. परंतु विंडोज १० या कार्यप्रणालीचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा, नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ पुष्कळशा जुन्या यंत्रांवर बसत नाही. चालते यंत्र मोडीत काढावे, की असुरक्षित यंत्रावर पैशाचे व्यवहार करावेत, असा पेच त्यामुळे पडतो.

यावर लिनक्सवर आधारलेल्या मुक्त कार्यप्रणालीचा उपाय आहे. तिची आज्ञावली सर्वांस खुली असते. ती विनामूल्य घेता येते व दुसऱ्यास देताही येते. शेजारच्या मळ्यातून उसाचे बेणे आणावे, तसाच हा प्रकार होय.

अशा प्रणाली अनेक आहेत. त्यांतील नव्यात नवी निवडण्याचा मोह मात्र टाळावा. फलटण तालुक्यातील पाडेगाव संशोधन केंद्राने १९९६ मध्ये दिलेला को ८६०३२ हा ऊस शेतकरी आजही लावतात, तो त्याच्या भरवशामुळे. तीच कसोटी येथे लावावी. डेबियन ही प्रणाली १९९३ पासून चालत आली आहे. तिची स्थिर आवृत्ती सुमारे दोन वर्षांनी निघते व तीस एकंदर पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. विंडोजची सवय असलेल्यांस लिनक्स मिंट अधिक सोपी वाटेल. तिच्या २२ व्या मालिकेस २०२९ पर्यंत आधार आहे.

नवे वाण प्रथम एका वाफ्यात लावून पाहतात. त्याप्रमाणे ही प्रणाली आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी. प्रिंटर, मराठी टंकलेखन व डिजिटल स्वाक्षरीचे टोकन नीट चालते की नाही, याची खात्री करून घ्यावी. सोसायटीच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवरच चालत असेल, तर त्या यंत्रावर घाई करणे इष्ट नव्हे. बदलापूर्वी सर्व दप्तराची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी.

मुक्त प्रणालीस निगा लागत नाही, असे मात्र कोणी समजू नये. आठवड्यातून एकदा दुरुस्त्या घेणे आवश्यकच आहे. एवढी शिस्त पाळल्यास जुने यंत्रही आणखी काही वर्षे निर्वेधपणे काम देईल, आणि सभासदांचे हिशेब सुरक्षित राहतील.