संक्रांतीचे वाण आणि दुसऱ्याचे कपाट

अपरिग्रह म्हणजे गरजेहून अधिक वस्तूंचा साठा न करणे; पतंजलीच्या योगसूत्रांत तो पाच यमांपैकी एक आहे आणि जैन परंपरेत महाव्रत. त्याविषयी बोलताना स्वतःजवळ किती ठेवावे एवढेच बहुधा विचारले जाते. दुसऱ्याच्या घरात आपण किती लोटतो, हा प्रश्न मात्र राहून जातो, आणि परदेशातील मराठी मंडळांच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात नेमका तोच उभा राहतो.

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत दिल्या जाणाऱ्या वाणाचे, म्हणजे हळदीकुंकवाला आलेल्या स्त्रियांना द्यायच्या भेटीचे, जुने रूप श्रीरामपूर तालुक्यातील प्रवराकाठच्या बेलापूरसारख्या गावात सहज समजते. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले, कालव्यांचे पाणी फिरले आणि प्रवरेचा पट्टा उसाचा झाला. त्यामुळे सुगडात, म्हणजे कुंभाराने घडवलेल्या लहान मडक्यात, जी उसाची कांडी, बोरे, हरभऱ्याचे घाटे आणि गव्हाच्या ओंब्या भरतात, ती सारी भोवतालच्या शिवारातली असतात. ती चार दिवसांत खाऊन संपतात आणि सुगडाखेरीज सांभाळायला काही उरत नाही.

मंडळाच्या समारंभातून मात्र प्लास्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या आणि मोबाइल टेकवायचे स्टँड घरी येतात. "आई, या डब्यात काय ठेवायचं?" असे मुलीने विचारले की उत्तर सुचत नाही, कारण ते देणारीलाही ठाऊक नसते. डबा कपाटात जातो, पुढच्या वर्षी दुसरीकडे दिला जातो, आणि फिरत फिरत मूळ घरी परतल्याचे किस्सेही ऐकू येतात. भांडी मोजकी होती त्या काळी वाणातली वाटी संसाराला हातभार लावत असे, हे मान्य करावे लागते. पण आज घाऊक घेतलेली स्वस्त वस्तू कोणाच्या तरी अपुऱ्या मजुरीवर स्वस्त झालेली असू शकते, हे ती वाटताना कोणी मनात आणत नाही.

देण्याची वेगळी रीत श्रीरामपूर तालुक्याच्याच सीमेवर आहे. गोदावरीतील सराला बेटाच्या परंपरेने चालणाऱ्या गंगागिरी महाराजांच्या अखंड हरिनाम सप्ताहात, म्हणजे सात दिवस न थांबणाऱ्या नामजपाच्या सोहळ्यात, गावोगावच्या घरांतून भाकरी येतात, आमटी तेथेच शिजते आणि हजारोंच्या पंगती उठतात. दान प्रचंड असते, तरी घेणाऱ्याच्या हातात जपून ठेवावे असे काही उरत नाही. अपरिग्रह टोकाला नेत विनोबा भावे यांनी १९५० च्या सुमारास पवनारच्या आश्रमात कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा, प्रयोग केला होता. तेवढी कठोरता येथे कोणी मागत नाही.



या विवेचनाला उपदेशाचा सूर लागला असला तरी दोष देण्याचा हेतू नाही, कारण परक्या देशात वाण देणारीला डब्यापेक्षा आपलेपणा पोहोचवायचा असतो, आणि तेथील जानेवारीत ऊस व बोरे सहज मिळत नाहीत. तिळगूळ, हलवा, घरची चटणी किंवा मेथीचे बी मात्र मिळते. पुढच्या संक्रांतीच्या निमंत्रणात मंडळाला एवढी अट घालता येईल, की वाण रथसप्तमीपर्यंत संपणारे किंवा पेरता येणारे असावे, आणि ते ज्या भांड्यातून येईल ते भांडे देणारीने परत न्यावे.