घरसंसार : दोष रॉडचा की विहिरीच्या पाण्याचा?



गेल्या थंडीत मी धाकट्या बहिणीकडे वर्धा जिल्ह्यातल्या तिच्या गावी गेलो होतो. अंगणात विहीर, विहिरीवर मोटार, गच्चीवर टाकी. पाण्याची ददात नाही. पण गेल्या गेल्या बहिणीने गाऱ्हाणे मांडले, "दादा, पाणी तापवायचा रॉड बदलला, तरी पाणी लवकर तापत नाही. हाही खराबच निघाला. आता तिसरा आणायचा का?"

ती मजुरीला जाते. दोन रॉडचे पैसे म्हणजे तिच्या घामाचे पैसे. मी म्हटले, "थांब. आधी बघू, मग आणू." तेवढ्यात भाचा सहज बोलून गेला, "मामा, बादलीला हात लावला की मुंग्या येतात." बादली पत्र्याची होती. मी उठलो आणि आधी बटण बंद करून प्लग काढला. वायरमन म्हणून उभा जन्म खांबावर चढण्यात गेला, पण त्या बादलीकडे पाहून माझ्या पोटात गोळा आला.

त्या एका सकाळी तीन वेगवेगळे दोष सापडले. ज्यांच्या घरी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी आहे, त्यांना उपयोगी पडतील म्हणून येथे सांगतो.

पहिला दोष : पाणी उशिरा तापणे

नवा रॉडही जुन्याइतकाच मंद चालत असेल, तर दोष रॉडचा नाही हे ओळखावे. 20 लिटरची बादली 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला सुमारे 0.58 युनिट वीज लागते. 1500 वॅटच्या रॉडला त्यासाठी 23 ते 25 मिनिटे पुरतात. बहिणीकडे चाळीस मिनिटे लागत होती. मीटर लावून पाहिले तर 230 च्या जागी 180 व्होल्ट. शेतातल्या मोटारी चालू झाल्या की तिथले व्होल्टेज असे बसते. व्होल्टेज थोडे उतरले तरी रॉडची ताकद फार उतरते. 180 व्होल्टवर 1500 वॅटचा रॉड जेमतेम 920 वॅटचे काम करतो. म्हणजे पहिला रॉड चांगला होता, तो उगाच फेकला. अशा घरी मोटारी बंद असतानाची वेळ साधून पाणी तापवावे आणि लाईनची तक्रार वीज कार्यालयात लेखी द्यावी.

आणखी एक गोष्ट. जमिनीखालचे पाणी बारा महिने जवळजवळ सारख्याच तापमानाचे असते. म्हणून थंडीच्या पहाटे विहिरीचे ताजे पाणी हाताला कोमट लागते. तेच पाणी संध्याकाळी गच्चीच्या टाकीत भरून ठेवले की रात्रभरात गारठते. 15 अंशांचे पाणी 40 वर न्यायला 25 अंश चढवावे लागतात. ताजे 25 अंशांचे पाणी घेतले तर फक्त 15 अंश. वीज असो वा सरपण, जवळजवळ चाळीस टक्के खर्च वाचतो. आपली आई पहाटे पोहऱ्याने पाणी शेंदून बंबात ओतायची, त्यात हेच शहाणपण होते. आंघोळीचे पाणी शक्यतो सकाळीच काढावे.

दुसरा दोष : पांढरी खपली

बहिणीच्या रॉडवर पांढऱ्या खपलीचा थर होता. जमिनीतून झिरपताना पाण्यात चुनखडीचे आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. पाणी तापले की त्यांतला काही भाग घट्ट होऊन गरम धातूवर बसतो. साबणाला फेस न येणे, डाळ लवकर न शिजणे, भांड्यांवर पांढरे डाग पडणे ही जड पाण्याची लक्षणे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. आपल्या विहिरीचा आकडा जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घेता येतो.

खपलीमुळे रॉडची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही. रॉड आतून जास्त तापतो आणि लवकर जळतो. बंबात खपली बसली तर जाळाची धग पाण्याला न लागता धुरासोबत वर जाते आणि लाकूड वाया जाते.

"मी तर दर आठवड्याला सुरीने खरवडते की," बहीण म्हणाली. घोटाळा तिथेच झाला होता. खरवडण्याने रॉडच्या आवरणाला बारीक चीर पडली होती आणि तिथून वीज पाण्यात उतरत होती.

खपली काढायची ती अशी. प्लग काढून रॉड पूर्ण गार होऊ द्यावा. प्लास्टिकच्या बादलीत कोमट पाणी घेऊन त्यात दोन-तीन चमचे लिंबूसत्त्व घालावे. किराणा दुकानात ही पूड सायट्रिक अॅसिड म्हणून मिळते. रॉडचा फक्त पाण्यात बुडणारा भाग त्यात रात्रभर ठेवावा. सकाळी मऊ फडक्याने पुसून, धुऊन, सुकवून मगच वापरावा. संडास धुण्याचे अॅसिड, सुरी, दगड, तारेची घासणी यांतले काही लावू नये.

तिसरा दोष : अर्थिंग नाही

रॉडच्या प्लगला तीन पिना होत्या, पण भिंतीतला बोर्ड दोन भोकांचा. म्हणून कोणीतरी जाड पीन कापून टाकली होती. जाड पीन अर्थिंगची असते. चिरलेला रॉड, पत्र्याची बादली आणि अर्थिंग नाही, असा तिहेरी योग त्या घरात जुळून आला होता. पोर वाचले ते नशिबाने, आणि असल्या नशिबावर घर चालवता येत नाही. चिरलेला रॉड मी तिथेच तोडून टाकला.

रॉड वापरणाऱ्यांनी एवढे पाळावेच. रॉड पाण्यात सोडल्यावर बटण लावावे. बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये. पाणी रॉडवरच्या खुणेइतके असावे. पोरांना त्या जागी फिरकू देऊ नये. आयएसआय शिक्का पाहूनच रॉड घ्यावा. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. वीज गळताच तो लाईन तोडतो.

गिझर असेल तर

आता बऱ्याच घरी गिझर आला आहे. थंड पाण्याचा नळ जोरात आणि गरम पाण्याचा बारीक चालत असेल, तर नळाच्या जाळीत किंवा गिझरच्या तोंडाशी खपली अडकली आहे. दोन्ही नळ बारीक असतील तर गिझरला हात लावू नका. टाकी, पाईप आणि विहिरीतला फुटव्हॉल्व्ह पाहा. गिझरमधून तडतड आवाज येत असेल किंवा गरम पाणी पूर्वीपेक्षा लवकर संपत असेल, तर तळाशी क्षार साचले आहेत. दरवर्षी दिवाळीआधी माहितगार माणसाकडून तो साफ करून घ्यावा. तापमान 60 अंशांच्या वर ठेवू नये. त्यापुढे खपली जास्त बसते आणि अंगही काही सेकंदांत भाजते.

पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर आधी वास कुठून येतो ते पाहा. फक्त गरम पाण्याला येत असेल तर दोष गिझरच्या टाकीत. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी असते. तिच्यामुळे आणि पाण्यातल्या जंतूंमुळे तो वास येऊ शकतो. थंड पाण्यालाही येत असेल तर विहीर उपसायला झाली आहे. ब्लीचिंग पावडरचे प्रमाण ग्रामपंचायतीच्या पाणी कर्मचाऱ्याला विचारूनच टाकावे. लालसर पाण्याचीही पारख अशीच करावी. फक्त गरम पाणी लाल असेल तर टाकीचा गंज, दोन्ही लाल असतील तर विहिरीतले लोह.

गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो.

बहिणीला नवा रॉड आणावाच लागला, पण या वेळी तो का आणला हे तिला ठाऊक होते. बोर्ड बदलला, अर्थिंग केले, बादली प्लास्टिकची आणली आणि रॉड तिच्या तळाला वा कडेला टेकू नये म्हणून वर आडवी काठी टाकून त्यावर टांगला. निघताना ती म्हणाली, "दादा, दुकानात जायच्या आधी तुला विचारायला पाहिजे होतं." मी म्हटले, "मला नको. आधी विहिरीला विचार, मग तारेला, आणि सगळ्यात शेवटी दुकानदाराला."

आज संध्याकाळी आपल्या घरच्या रॉडचा प्लग एकदा हातात घेऊन बघा. तिसरी पीन जागेवर आहे ना?